धावत्या घोड्यांचा दिवा

दिव्याचे काम उजेड देण्याचे, हे लहान मूलही सांगेल. परंतु काही दिवे असेही असतात, की ज्यांच्या उजेडात कोणी पुस्तक वाचावे किंवा तांदूळ निवडावेत अशी त्यांच्या कर्त्याची मुळी अपेक्षाच नसते. हे दिवे केवळ पाहण्यासाठी असतात. दिवा लागला, की थोड्या वेळाने त्याच्या अंगावरील चित्र हलू लागते. घोडे धावू लागतात, धबधबा कोसळू लागतो, रान पेटते, मासे पोहू लागतात. आत किल्ली नाही, मोटार नाही, कोणी दोरी ओढणारा नाही. दिवा विझला, की क्षणभरात सारे जेथल्या तेथे थांबते. इंग्रजीत अशा दिव्यांना ‘मोशन लॅम्प’ म्हणतात. आपण या लेखापुरते त्यांना ‘फिरते दिवे’ म्हणू.

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे लोक या दिव्यांचा इतिहास बहुधा अमेरिकेपासून सांगू लागतात. कारण गेल्या शतकात तेथे ते कारखान्यांतून तयार झाले आणि घरोघर पोहोचले. परंतु त्यांची वंशावळ त्याहून कितीतरी जुनी आहे. ती चीनमधील उत्सवांतून, इराणी कवितेतून आणि जर्मन खाणकामगारांच्या घरांतून जाते. या वंशावळीबरोबर एक प्रश्नही चालत आला आहे : ‘सुंदर खरे, पण याचा उपयोग काय?’ कलाशाखेत शिकणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका नाही. या दिव्यालाही तो एका विद्वानाने विचारला होता. त्याची हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी दिवा फिरतो कसा, ते पाहू.

दिवा फिरतो कसा?

तत्त्व अगदी साधे आहे. हवा तापली की प्रसरण पावते, प्रसरण पावली की हलकी होते आणि हलकी झाली की वर चढते. चुलीचा धूर वर जातो तो याच कारणाने. ज्योतीभोवती कागदाचे किंवा पातळ पत्र्याचे नळकांडे उभे केले, की तापलेल्या हवेला वर जाण्यास जणू एक बोळच मिळतो. या बोळाच्या वरच्या तोंडाशी एक चक्र आडवे बसवावयाचे. चक्राला पाती कापलेली असतात आणि ती सर्व एकाच बाजूस किंचित तिरपी वळविलेली असतात. आपल्या छताच्या पंख्याची पाती अशीच असतात. मात्र पंखा फिरतो आणि हवेला ढकलतो. येथे हवा चढते आणि पंख्याला फिरविते. चक्राच्या मध्यभागी एक लहानशी खोबण असते व ती सुईच्या टोकावर तोललेली असते. चक्राला चित्रांचे नळकांडे किंवा कागदी आकृत्या टांगल्या, की फिरता दिवा तयार झाला.

या हवेच्या अंगी जोर तरी किती असतो? एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. २७ अंश सेल्सिअसची हवा तापून ५७ अंशांवर गेली, तर ती सुमारे अकराव्या हिश्शाने हलकी होते. एक लिटर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम. दिव्याच्या पोटात दोन लिटर हवा आहे असे धरले, तर तिचे वजन २.४ ग्रॅम आणि तापल्यामुळे त्यात पडणारा फरक पाव ग्रॅमहूनही कमी. म्हणजे तांदळाच्या आठदहा दाण्यांच्या वजनाइतकी ही सारी ताकद! तेवढ्या बळावर घोडदळ धावावयाचे आहे. म्हणूनच फिरता दिवा करणाऱ्याचे सारे कसब दोन गोष्टींत असते : वजन कमी करणे आणि घर्षण कमी करणे. कागद जाड झाला किंवा सुई बोथट असली, की घोडे जागचे हलत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्योतीतून उजेड थोडा आणि उष्णता फार निघते. एक मेणबत्ती सुमारे ८० वॅट उष्णता देते. तिचा प्रकाशाचा हिस्सा अगदीच क्षुल्लक. साध्या दिव्यात ही उष्णता वायाच जाते. फिरत्या दिव्यात उजेड चित्र दाखवितो आणि जी ऊब वाया जावयाची, ती ते चित्र फिरविते. एकाच ज्योतीकडून दोन्ही कामे करून घेण्याची ही युक्ती ज्याला प्रथम सुचली, तो मोठा कल्पक आणि काटकसरी असला पाहिजे.

चीनमधील घोडदौड

ही युक्ती सर्वांत अधिक बहरली ती चीनमध्ये. तेथे या दिव्याला ‘झोउमादेंग’ म्हणतात. झोउ म्हणजे धावणे, मा म्हणजे घोडा आणि देंग म्हणजे दिवा. अर्थात धावत्या घोड्यांचा दिवा. प्राचीन राजधानी चांगआन येथील नवलकथा सांगणाऱ्या एका जुन्या चिनी ग्रंथात दिंग ह्वान नावाच्या कुशल कारागिराची हकीकत येते. त्याने नऊ मजली डोंगराच्या आकाराचे एक धूपपात्र केले होते आणि त्यावरील पशुपक्षी आपोआप हलत, असे वर्णन आहे. चिनी विज्ञानाचे थोर इतिहासकार जोसेफ निडॅम यांनी असा तर्क केला आहे, की ही हालचाल वर चढणाऱ्या तप्त हवेने होत असावी. तर्क खरा असेल, तर या दिव्याचा पूर्वज धूपपात्र होता असे म्हणता येईल.

सुंग राजवटीच्या काळात (इ. स. ९६० ते १२७९) मात्र तर्काची गरज उरत नाही. बाराव्या शतकातील कवी फान चेंगदा याने सूचौ नगरीच्या दीपोत्सवाचे वर्णन करताना घोडेस्वारांच्या दिव्याचा उल्लेख केला आहे. पुढे झोऊ मी या लेखकाने हांगचौ शहराच्या आठवणी लिहिल्या. हांगचौ ही दक्षिण सुंगांची राजधानी. १२७६ साली ती मंगोलांच्या हाती पडली आणि झोऊ मीने जे लिहिले, ते गेलेल्या वैभवाच्या आठवणीत लिहिले. बाजार, मिठाया, खेळ, उत्सव यांच्या त्या याद्यांत गरगर फिरणाऱ्या घोडेस्वारांचे छायादीपही आहेत. राज्य बुडाल्यावर ज्या गोष्टी आठवाव्याशा वाटल्या, त्यांत एका खेळण्यासही जागा मिळाली, हे सहज नजरेआड करण्यासारखे नाही.

चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यातील पौर्णिमेला दीपोत्सव असतो. आपल्या दिवाळीत आकाशकंदील असतात तसे त्या रात्री तऱ्हेतऱ्हेचे कंदील लागतात आणि त्यांत झोउमादेंगचा मान मोठा. त्याची बाहेरची भिंत पातळ कागदाची. आत मधोमध उभा दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला कागदी चक्र. दांड्याला आडव्या बारीक तारा आणि तारांच्या टोकांना कागद कातरून केलेले घोडे, स्वार, रथ. खाली मेणबत्ती. चक्र फिरले, की आकृत्या ज्योतीभोवती फिरतात आणि त्यांच्या सावल्या कागदी भिंतीवर एकामागून एक पळत जातात. शेवटच्या घोड्याची सावली गेली की पहिल्याची येते. त्यामुळे मूठभर स्वारांचे अखंड सैन्य होते.

या दिव्याविषयी एक दंतकथा चीनमध्ये मोठ्या आवडीने सांगतात. वांग आनशी (इ. स. १०२१ ते १०८६) हा पुढे सुंग दरबाराचा मुख्य मंत्री झालेला पुरुष तरुणपणी परीक्षेस निघाला होता. वाटेत एका श्रीमंताच्या दारी फिरता दिवा टांगलेला होता आणि त्यावर दिवा व घोडा या शब्दांवर कोटी करणारी अर्धी द्विपदी लिहिली होती. जो ती पूर्ण करील, त्याला त्या घरची कन्या मिळावयाची होती. परीक्षेत परीक्षकांनी नेमकी तिला जुळणारी दुसरी अर्धी ओळ घातली. वांगने दिव्यावरची ओळ उत्तर म्हणून दिली व परीक्षा जिंकली. परतताना परीक्षेतली ओळ दिव्याखाली ठेवली आणि वधू जिंकली. कथेत इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न विचारू नये. परीक्षेत नेमके पाठ असलेलेच विचारले जावे, हे विद्यार्थ्यांचे स्वप्न मात्र हजार वर्षांपूर्वीही आजच्यासारखेच होते, एवढे त्यावरून दिसते.

चीनमधून ही कल्पना जपानात गेली. तेथे मृत पूर्वजांच्या स्मरणार्थ होणाऱ्या ‘बोन’ उत्सवात घरच्या देव्हाऱ्यापुढे फिरते कंदील लावतात. जपानी भाषेत या दिव्याला ‘सोमातो’ असेही नाव आहे आणि त्यावरून एक वाक्प्रचारच रूढ झाला आहे. मृत्यू समोर दिसताच माणसाच्या डोळ्यांपुढून सारे आयुष्य झरझर सरकते, तेव्हा ते ‘सोमातोसारखे’ सरकले असे तेथे म्हणतात. चीनमध्ये जो दिवा घोडदौडीचा होता, तो जपानात आठवणींचा झाला.

इराणी कवीचा कंदील

इराणात हा दिवा थेट तत्त्वज्ञानात शिरला. फार्सीत त्याला ‘फानूस-इ-खयाल’ म्हणतात. म्हणजे कल्पनेचा किंवा आभासांचा कंदील. उमर खय्यामच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध रुबाईत या दिव्याची उपमा आली आहे. सूर्य ही मधली ज्योत, जग हे भोवतालचे फिरते आवरण आणि आपण माणसे त्यावरील चित्रे; आपण फिरतो आहोत, पण का आणि कोणासाठी ते आपणांस ठाऊक नाही, असा तिचा आशय. ही उपमा समजण्यासाठी दिवा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. चित्रांना वाटते आपण धावत आहोत. वस्तुत: ती जेथून निघाली तेथेच पुन:पुन्हा येत असतात आणि त्यांना चालविणारी ऊब त्यांच्या मधोमध असूनही त्यांच्यापासून सदैव तितकीच दूर असते.

एडवर्ड फिट्झजेराल्डने खय्यामच्या रुबायांचा इंग्रजी अवतार १८५९ साली प्रसिद्ध केला. या रुबाईवर टीप देताना, असा दिवा हिंदुस्थानात अजून वापरात आहे, असे त्याने नमूद केले आहे. आतील नळकांड्यावर चित्रे काढलेली असतात आणि ते इतके हलके तोललेले असते, की मेणबत्तीभोवती आपोआप फिरते, असे तो सांगतो. मराठी वाचकाला खय्यामची ओळख मुख्यत: करून दिली ती माधव ज्यूलियन यांनी. ते स्वत: फार्सीचे प्राध्यापक. त्यांनी मूळ फार्सीवरून रुबाया मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या काव्याचाही ‘द्राक्षकन्या’ या नावाने वेगळा अनुवाद केला. शब्दांचे नातेही पाहण्यासारखे आहे. आपल्या जुन्या मराठीतील ‘फाणस’ हा शब्द त्याच फार्सी ‘फानूस’वरून आला आहे आणि ‘कंदील’ अरबीतून. वस्तू आपल्याकडे मागे पडली, पण तिच्या घराण्यातील शब्द मराठीत राहून गेले.

फिट्झजेराल्डने या वस्तूला जादूचा कंदील म्हटल्यामुळे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. जादूचा कंदील म्हणजे ‘मॅजिक लँटर्न’ ही वस्तू वेगळी. त्यात भिंग असते आणि काचेवरील चित्र मोठे होऊन पडद्यावर पडते. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने ज्याचे खेळ केले, ते हे यंत्र. फिरत्या दिव्यात भिंग नसते. तसेच त्याला सिनेमाचा आजोबा म्हणण्याची जी पद्धत आहे, तीही अर्धीच खरी. सिनेमात किंचित वेगवेगळी अनेक चित्रे भराभर डोळ्यांपुढे येतात आणि त्यांचे मिळून एक हलते चित्र भासते. फिरत्या दिव्यातील घोडा पाय हलवीत नाही; तो आहे तसाच वाहून नेला जातो. चाल त्याची नसते, दिव्याची असते.

स्वयंपाकघर, खाण आणि नाताळ

युरोपात तप्त हवेच्या गतीचा विचार फार पूर्वी झाला होता. इ. स. च्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्याच्या ग्रंथात एका वेदीचे वर्णन आहे. वेदीवर अग्नी पेटविला, की तापलेली हवा नळीतून आत उतरते, वाकड्या तोंडांच्या नळ्यांतून बाहेर पडते आणि तिच्या धक्क्याने आतील पुतळ्या नाचू लागतात. त्या बाहेरून दिसाव्यात म्हणून वेदीची बाजू पारदर्शक करावयाची. पुतळ्या, अग्नी आणि पारदर्शक भिंत, असा फिरत्या दिव्याचा जवळजवळ सारा सरंजाम येथे आहे.

पुढे लिओनार्दो द विंची याच्या टिपणवह्यांत, साधारण १४८० च्या सुमारास, एक चित्र आढळते. चुलीच्या धुराड्यात पात्यांचे चक्र बसविले आहे. वर जाणारा धूर ते फिरवितो आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने खाली विस्तवावर मांस भाजण्याचा गज फिरतो. आंच वाढली की धूर जोराने चढतो आणि गजही भराभर फिरतो. आंच मंदावली की तोही मंदावतो. अशी यंत्रे पुढे युरोपातील मोठ्या स्वयंपाकघरांतून प्रत्यक्ष वापरात होती. म्हणजे चीनमध्ये जे चक्र घोडे पळवीत होते, तेच युरोपात स्वयंपाक्याचा हात झाले होते.

परंतु तेथेही त्याला पुन्हा खेळण्याकडेच यावेसे वाटले. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात एर्ट्झगेबिर्ग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. नावाचा अर्थच ‘धातूचे डोंगर’. चांदी आणि कथील यांच्या खाणींवर तेथील लोकांचे पोट होते. खाणी ओसरत गेल्या, तसे अनेकांनी लाकडाचे कातकाम धरले आणि झायफेनसारखी गावे लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध झाली. या लोकांनी नाताळासाठी ‘पिरॅमिड’ नावाची शोभेची वस्तू केली. मजल्यामजल्यांचा लाकडी मनोरा, खाली मेणबत्त्या, वर लाकडी पात्यांचे मोठे चक्र आणि प्रत्येक मजल्यावर फिरणाऱ्या आकृत्या : बाळ येशू, मेंढपाळ, हरिणे आणि त्यांच्याच रांगेत हातात दिवा घेतलेले खाणकामगार. काही पिरॅमिडांचा आकार खाणीच्या तोंडावरील रहाटघरासारखा असतो. त्या रहाटघरात घोडे गोलगोल फिरत आणि खाणीतून माल वर ओढला जाई. ज्यांनी आयुष्यभर अंधारात काम केले, त्यांनी सणासाठी जे खेळणे केले, त्यात दिवा होता आणि आपल्या कामाचेच चित्र होते.

एका विद्वानाची खंत

आता प्रारंभी ज्याचा उल्लेख केला, त्या प्रश्नाकडे वळू. दुन लीछेन नावाच्या लेखकाने पेकिंगमधील वर्षभराच्या सणउत्सवांवर एक छोटे पुस्तक लिहिले. पुस्तक १९०० साली पुरे झाले. त्याच वर्षी परकी सैन्ये पेकिंगमध्ये शिरली होती. धावत्या घोड्यांच्या दिव्याचे वर्णन करताना हा लेखक मध्येच थबकतो. ज्योतीने कागदी चक्र फिरते, या तत्त्वातच आगबोटीच्या यंत्राचे बीज आहे, असे त्याला वाटते. आपल्या लोकांनी हे तत्त्व पुढे नेले असते, तर त्याचे उपयुक्त यंत्र झाले नसते काय? आपण मात्र ते खेळण्यात घालविले, अशी त्याची खंत आहे. पुढे निडॅम यांनीही या उताऱ्याची दखल घेतली.

खंत समजण्यासारखी आहे. १८८४ साली इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने वाफेची टर्बाइन तयार केली आणि १८९७ साली त्याच्या ‘टर्बिनिया’ या नौकेने आपल्या वेगाने ब्रिटिश आरमाराला थक्क केले. टर्बाइन म्हणजे शेवटी पात्यांचे चक्रच. ज्याच्या नगरात परकी तोफा शिरल्या, त्याला आपल्या सणातील कागदी चक्र पाहून हळहळ वाटणे स्वाभाविक होते.

तरीही दुन लीछेनचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करता येणार नाही. पार्सन्सचे पहिले चक्र मिनिटाला १८,००० फेरे घेत होते. त्यामागे दाबाखाली कोंडलेली वाफ होती, पोलाद होते, कोळसा होता आणि केसाइतकी चूक न होऊ देणारी कातयंत्रे होती. आपण वर केलेल्या हिशेबातील तांदळाच्या आठदहा दाण्यांपासून तेथवरची वाट केवळ ‘आणखी विचार केला असता तर’ एवढ्याने सरत नाही. शिवाय ज्या युरोपकडे पाहून तो हळहळला, त्या युरोपातही हेरॉनपासून पार्सन्सपर्यंत सुमारे अठराशे वर्षे लोटली. मधल्या काळात तेथेही हे चक्र वेदीवरच्या पुतळ्या, भाजण्याचे गज आणि नाताळची खेळणी फिरवीत होते. खेळण्याने यंत्राची वाट अडविली असे म्हणावयाचे, तर ती दोन्हीकडे सारखीच अडविली असे म्हणावे लागेल.

किंबहुना उलटेच म्हणता येईल. जे तत्त्व कामास येत नव्हते, ते शेकडो वर्षे माणसांच्या हातांत जिवंत राहिले, ते मौजेमुळे. दर वर्षी सण आला, की कोणी तरी सुई घासली, पाती तिरपी केली, ज्योत लावली आणि पोरांना दाखविले. उपयोगाची वाट पाहत हे ज्ञान कोठल्या पोथीत पडून राहिले असते, तर त्याला कसर लागली असती.

कोसळणारा नायगारा

विजेचा दिवा आल्यावर या खेळण्याला नवा जन्म मिळाला. साध्या विजेच्या बल्बात विजेचा दहावा हिस्सासुद्धा प्रकाशात उतरत नाही. उरलेली सारी उष्णता. ही उष्णता एकसारखी मिळते, ज्योत वाऱ्याने हेलावत नाही आणि कागद पेटण्याची धास्तीही पूर्वीइतकी राहत नाही. १९३० च्या सुमारास शिकागो येथील ‘सीन इन ॲक्शन’ या कंपनीने काचेचे व धातूचे असे दिवे विकावयास आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसची ‘इकॉनोलाइट’ आणि शिकागोचीच ‘एल. ए. गुडमन’ या कंपन्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये काढले आणि ते सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. नायगाऱ्याचा धबधबा, पेटलेले अरण्य, समुद्रातील जहाज, आगगाडी, मासे हे त्यांचे आवडते विषय.

या दिव्यांत एक नवी करामत होती, ती समजून घेण्यासारखी आहे. चिनी दिव्यात घोडे आडवे फिरतात आणि आडवेच धावताना दिसतात. पण धबधबा तर वरून खाली पडतो. आतील नळकांडे आडवे फिरत असता पाणी खाली पडताना कसे दिसावे? यासाठी आतील नळकांड्यावर तिरपे पट्टे काढलेले असतात आणि बाहेरील आवरणावर कडे, झाडे, आकाश रंगवून, जेथे पाणी दाखवावयाचे तेथे उभ्या अरुंद पारदर्शक फटी राखलेल्या असतात.

घरी याचा पडताळा सहज घेता येईल. एका कागदावर डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या तिरप्या रेघा काढा. दुसऱ्या कागदाला एक उभी अरुंद फट पाडून तो त्यावर ठेवा आणि खालचा कागद उजवीकडे ओढा. फटीतून रेघेचा एक तुकडाच दिसतो आणि कागद जरी बाजूला सरकत असला, तरी तो तुकडा खाली उतरताना दिसतो. कागद डावीकडे ओढला, तर तोच तुकडा वर चढतो. उतरला तर पाणी, चढला तर ज्वाळा! नायगारा आणि वणवा यांत फरक एवढाच. रेघा जितक्या उभट, तितके पाणी वेगाने पडते. ४५ अंशांच्या तिरप्या रेघेत ते आडव्या गतीइतक्याच वेगाने पडते, तर ६० अंशांच्या रेघेत जवळजवळ पावणेदोन पट. परदेशांतील न्हाव्यांच्या दुकानाबाहेर तिरप्या पट्ट्यांचा जो फिरता खांब असतो, त्याचे पट्टे वर चढल्यासारखे वाटतात, तेही याच कारणाने. फटीतून पाहताना डोळ्याची ही फसगत का होते, याचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ हान्स वालाख याने १९३५ साली प्रसिद्ध केला. दिवे करणाऱ्या कारागिरांनी मात्र शास्त्राची वाट न पाहता डोळ्याला कसे फसवावयाचे ते हेरले होते.

याच वंशातील सर्वांत प्रसिद्ध, पण सर्वांत निराळा भाऊ म्हणजे ‘लाव्हा लॅम्प’. एडवर्ड क्रेव्हन वॉकर या इंग्रज गृहस्थाने एका मद्यगृहात अंडे उकडण्याचा वेळ मोजणारे, द्रवात मेणासारखा पदार्थ घातलेले एक घरगुती साधन पाहिले आणि त्यावरून १९६३ साली ‘ॲस्ट्रो’ हा दिवा बाजारात आणला. यात चक्र नाही, पाती नाहीत, चित्रही नाही. काचेच्या बाटलीत द्रव आणि त्यात रंगीत मेण, खाली बल्ब. थंड मेण द्रवाहून किंचित जड असते, म्हणून तळाशी बसते. तापले की हलके होऊन गोळ्यागोळ्यांनी वर चढते, माथ्याशी निवले की पुन्हा उतरते. जो नियम चिनी घोड्यांना चालवीत होता, तोच येथे उघडा करून दाखविला आहे.

ऊब गेली, पुढे काय?

आता या दिव्यांवर एक निराळेच संकट आले आहे. युरोपात २००९ पासून तापणारे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. आपल्याकडेही २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि एलईडी दिवे घरोघर गेले. ते योग्यच झाले, कारण वीज वाचली. पण एलईडी दिवा इतका कमी तापतो, की त्याच्यावर कागदी चक्र फिरत नाही. म्हणून आज बाजारात फिरत्या माशांचे किंवा धबधब्याचे जे दिवे मिळतात, त्यांत बहुधा लहानशी मोटार असते. आपल्या गणेशोत्सवातील हलते देखावेही मोटारीवरच चालतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र उजेड आणि गती यांचे एकच मूळ असण्यातील गंमत तेथे राहत नाही. मोटारीचा धबधबा दिवा विझल्यावर अंधारातही फिरू शकतो.

ज्यांना ही गंमत स्वत: पाहावयाची आहे, त्यांना खर्च काहीच नाही. पातळ ॲल्युमिनियमचा वर्ख किंवा पत्रावळीच्या चकतीएवढा हलका पत्रा गोल कापावा. कडेपासून मध्याकडे आठदहा चिरा द्याव्यात आणि प्रत्येक पाते सारखेच तिरपे करावे. मध्यभागी टिचबटणाचा खोबणीचा भाग बसवावा आणि तो उभ्या तारेवर बांधलेल्या सुईच्या टोकावर ठेवावा. कडेला पातळ कागदाच्या आकृत्या दोऱ्याने टांगाव्यात. खाली, कागद पेटणार नाही इतक्या अंतरावर, पणती किंवा मेणबत्ती ठेवावी आणि ती जळत असेतो तेथून उठू नये. पंखा बंद असावा. पहिल्या खेपेस चक्र बहुधा अडते. पाती थोडी अधिक वाकवावीत, तोल पुन्हा साधावा. मग ते फिरू लागते आणि समोरच्या भिंतीवर सावल्या धावू लागतात.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. दुन लीछेनला जे उत्तर हवे होते, ते आपल्याजवळ नाही. या चक्रावर आगबोट चालणार नाही. पण सुंग काळातील हांगचौ गेली, एर्ट्झगेबिर्गच्या खाणी बसल्या, तापणारा बल्ब गेला. आणि इतक्या घरांतून बाहेर पडूनही हे खेळणे अजून मेणबत्तीच्या उबेवर फिरते. ज्या वस्तूला दर पिढीत कोणी तरी केवळ आवडीखातर पुन्हा करून पाहते, तिला निरुपयोगी ठरविण्याची घाई आपण तरी करू नये.